मास्तरांचा आवाज झाडला तो मी

हात ना पाय, तरी इथला झाडू माझाच चालतो. मी कॉम्प्युटरातली साफसफाईची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहून ठेवलेले चार हुकूम. वाचा-उपचार केंद्राच्या तंत्रज्ञानं मला जेवता जेवता डाव्या हातानं लिहिलं, दुसऱ्यांदा वाचलंसुद्धा नाही.

काम सोपं. रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरमधून रोज एक प्रत नेटवर्कवरून मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर येते. मग मी यायचं, नव्या सात प्रती ठेवायच्या, जुन्या पुसायच्या. प्रत उघडून बघ, असं मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं नाही ते मी करत नाही.

केंद्रात एक मास्तर यायचे. घशाचा कॅन्सर, ऑपरेशननंतर आवाज कायमचा जाणार होता. पुढं मशीननं त्यांच्याच आवाजात बोलावं म्हणून ते रोज येऊन वाक्यं बोलून ठेवत. काकू शेजारी बसायच्या.

"अगं, माझा चष्मा कुठंय?" मास्तर माईकसमोर म्हणाले.

"कपाळावर. आणि हे कशाला बोलून ठेवताय?"

"हेच तर रोज लागणार."

पुढं तंत्रज्ञानं त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला आणि सर्व्हरला नवा द्यायचा विसरला. सर्व्हर रोज दार ठोठावायचा, आत शिरता येईना, तरी त्या दिवसाच्या नावानं रिकामं फोल्डर करून मोकळा व्हायचा. प्रत फसल्याच्या सूचना येत होत्या. डोक्याला ताप नको म्हणून तंत्रज्ञानं त्या बंद केल्या. मी मात्र इमानदार. रिकामं फोल्डर हीसुद्धा माझ्या हिशेबी प्रतच. एक रिकामं आलं की एक भरलेलं पुसायचं. माझ्याकडचे मास्तर सात दिवसांत संपले. मला काही वाटलं नाही.

ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर जळाला. तंत्रज्ञ निवांत मागच्या खोलीत आला. एक प्रत उघडली, दुसरी उघडली, मग सातही उघडल्या. सगळ्या रिकाम्या. केबली हलवून बघितल्या, नेटवर्क तपासलं. शेवटी पासवर्डपाशी येऊन थांबला. मग त्यानं मला नवा हुकूम दिला: फसल्याच्या सगळ्या नोंदी पूस. पुसल्या.

"मास्तरांचा आवाज नीट आलाच नव्हता," त्यानं बाहेर जाऊन उपचार करणाऱ्या मॅडमना सांगितलं. "फार पुटपुटायचे."

मास्तर आले, गळ्याला नळी लावलेली. मशीनमध्ये कुणा तरण्या परक्या माणसाचा तयार आवाज घातला होता. मॅडमनी कारण सांगितलं. मास्तर बराच वेळ टाइप करत राहिले.

"अगं, मी नीट बोललो नव्हतो का?" मशीननं विचारलं.

काकूंचे डोळे भरले होते. "किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या, "तोंड उघडून बोला म्हणून."

"चुकलं माझं," मशीन म्हणालं. तंत्रज्ञ मोबाईल बघत होता.

आता पासवर्ड बरोबर आहे, माझंही बरं चाललंय. तुमच्याकडे माझी भावंडं असतीलच. एखादी प्रत कधीतरी स्वतः उघडून बघा. आणि मास्तरांना खरं काय ते कळवायचं असेल, तर तुम्हीच कळवा. मला कुणी सांगितलेलं नाही.