मर्यादेच्या आत

"मशीन आणलंय ना आज घरी? मग मोजा की! लोकांच्या घरी तर गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत मोजत फिरता."

बायको डोक्याला रुमाल आवळून पलंगाच्या कडेला बसली होती. तो नुकताच कामावरून आलेला, पायातले बूटही निघाले नव्हते. मोबाइलच्या टॉवरमधून निघणाऱ्या लहरी मोजायचं त्याचं काम. कुणी तक्रार केली की मीटर घेऊन जायचं, 'मर्यादेच्या आत आहे' म्हणायचं आणि वर शिव्या खायच्या. लोक त्याला मोजणीवाला म्हणत, चिडले की कंपनीचा कुत्रा म्हणत. म्हणोत बापडे! आकडा खोटा सांगायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात धड सांभाळली होती. बायकोला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती हटून बसली होती.

समोरच्या इमारतीवर टॉवर उभा राहिला त्याच सुमारास तिचं डोकं दुखायला लागलं. झालं, तिने दोन्हीची सांगड घातली ती घातलीच. गल्लीतल्या डॉक्टरने 'टेन्शन घेऊ नका' म्हणून बोळवण केली. नणंदेने तर तोंडावर सुनावलं, "वहिनी, तुला काही होत नाही गं, तुला रिकामपण होतंय." त्या दिवशी ती मोरीत तोंड लपवून रडली होती.

त्याने मीटर सुरू केलं. खिडकीशी धरलं, उशीशी धरलं. आकडा कुठल्याही घरात येतो तसाच, अगदी नगण्य. मान वर केली तर बायको त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आता 'काही नाही' म्हटलं की ती पुन्हा खोटी ठरणार, आणि तेही नवऱ्याच्या तोंडून. त्याने मीटर बंद केलं.

"जास्त आहे," तो म्हणाला. "बराच जास्त."

"बघा! मी कधीची कानीकपाळी ओरडतेय!" ती एकाच वेळी हसली आणि रडली.

मग तिने कंबर कसली. पलंग आतल्या खोलीत गेला, खिडकीला चंदेरी कागद लागला, घरातलं वायफाय गेलं. त्याचा फोन स्वयंपाकघरात फळीवर राहायचा. स्वतःचा तर तिने विकूनच टाकला. लेक लग्न होऊन समुद्रापलीकडे गेलेली. तिच्याशीसुद्धा ती फोनवर बोलेना. दारातून ओरडायची, "तिला म्हणावं वेळेवर जेव. आणि केस कापलेस तर बघ!" तो इकडचं तिकडे सांगायचा. गंमत म्हणजे तिचं डोकं दुखायचं खरंच थांबलं, झोपही लागू लागली. त्यालाही वाटलं, बोललो एक खोटं, पण माणूस तर सावरलं.

काही महिन्यांनी डोकं पुन्हा दुखायला लागलं, ते आधीपेक्षा वाईट. सकाळी उठली की उलट्या. तो म्हणाला, "मोठ्या डॉक्टरला दाखवू या."

"डॉक्टर काय टॉवर हलवणार आहे का? तुम्हीच मोजलंत ना? मग?"

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिची ती नजर पुन्हा बघायची त्याची छाती झाली नाही. त्याने कागदाचा आणखी एक थर लावून दिला. पुढे एकदा चहा ओतताना तिला कपच दिसेना आणि ती जागच्या जागी कोसळली.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला. गाठ होती.

"टॉवरमुळे?" त्याने विचारलं. 'हो' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटून गेलं.

"नाही हो. कशामुळे ते सांगता येत नाही, पण टॉवरवर नका ढकलू. लवकर आला असतात तर काढता आली असती. आता बोलायचं असेल ते बोलून घ्या. वाचा फार दिवस टिकणार नाही."

लेक पोटुशी, दिवस भरत आलेले, विमानात बसायची सोय नाही. त्याने फोन लावला आणि पहिल्यांदाच तो घेऊन आतल्या खोलीत गेला.

"अहो! बाहेर ठेवा तो!"

"ऐक. तेव्हा आकडा जास्त नव्हता. काहीच नव्हतं. मी खोटं बोललो गं. तुला बरं वाटावं म्हणून बोललो, आणि त्यात सगळं घालवून बसलो. आता बोल तिच्याशी. काही होत नाही फोनने."

गाठीने तिची एक बाजू लुळी पडली होती. चेहऱ्याची दुसरी बाजू तेवढी हसली.

"मी आता जायचीच, म्हणून आता धरला तरी चालेल, असंच ना?" शब्द जड येत होते. "नका हो. तुम्हाला नाही जमत खोटं बोलायला. कधीच नाही जमलं."

"अगं, शप्पथ..."

"आई?" फोनमधून आवाज येत होता. "बाबा, आई आहे का तिथे? आई, बोल ना गं!"

तिने डोळे मिटून घेतले. हाताने फोन हळूच लांब सारला.

"तिला म्हणावं, पोटाजवळ धरू नकोस. बाळाला बाधेल. तुमचं ऐकेल ती. सांगा ना."

त्याने फोन कानाला लावला आणि लेकीला तसं सांगितलं.