उशीखालची मेंढी

मी पुठ्ठ्याची मेंढी बोलतेय. खरं तर मी बोलायचं नाही असं ठरलं होतं. मला तशी तंबीच मिळाली होती. पण तोंड शिवून बसण्यालाही मर्यादा असते. माझ्या गप्प राहण्यानं एका लहान मुलीच्या मनात काय साचलं ते मी ऐकलंय, आणि आता मला राहवत नाही.

तसं मला धड तोंडही नाही. शाईच्या पेनानं काढलेली एक रेघ आहे, तीही एका बाजूला घसरलेली. डोळे दोन, पण एक मोठा, एक बारीक. पाय म्हणजे कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे. पोटावर, पुठ्ठ्याच्या उघड्या बाजूला, जिनं मला केलं तिचं नाव लिहिलेलं आहे. तिला घरात सगळे मुंगी म्हणतात. दिसेल ती वस्तू उचलून इकडची तिकडे न्यायची तिला सवय, म्हणून मुंगी.

माझा जन्म चर्चमागच्या खोलीत झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे मुलांची बायबल शाळा भरते. लांब बाकं, फुटक्या कपांत रंग, आणि सगळीकडे डिंक. शिकवणाऱ्या सिस्टरांच्या बाह्यांनासुद्धा कायम डिंक लागलेला असे. मुलं त्यांना डिंकवाल्या सिस्टर म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं.

त्या दिवशी त्यांनी हरवलेल्या मेंढीची गोष्ट सांगितली. मेंढपाळ बाकीच्या सगळ्या मेंढ्या सोडून एका हरवलेल्या मेंढीला शोधायला निघतो आणि सापडली की तिला खांद्यावर घेऊन येतो. मग प्रत्येकानं आपापली मेंढी करायची होती. पण आदल्या दिवशी मुलांनी ढग करताना सगळा कापूस उडवून टाकला होता. मुंगी धावत घरी गेली आणि आजारी आईच्या पलंगाशेजारचा कापसाचा गुंडाळा घेऊन आली. म्हणून माझ्या लोकरीला जन्मापासून स्पिरिटचा वास आहे. माझा पुठ्ठाही घरचाच, बाबांच्या छापखान्यातला उरलेला तुकडा.

मला चिकटवता चिकटवता मुंगीनं सिस्टरांना विचारलं की मेंढपाळ दवाखान्यातसुद्धा शोधायला जातो का. सिस्टरांच्या दातांत कात्री होती आणि त्या दोन मुलांची भांडणं सोडवत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "कुठेही जातो," म्हणाल्या.

हे "कुठेही" मुंगीनं उचललं. मुंगीच ती.

मला हिरव्या कागदाच्या डोंगरावर टाचणीनं अडकवलं. बाकीच्या मेंढ्यांशी माझी ओळख होते न होते, तोच एका दुपारी मुंगीनं मला उपटलं आणि फ्रॉकच्या खिशात कोंबलं. आदल्या दिवशी तिच्या आईला पुन्हा दवाखान्यात नेलं होतं. तोवर आई पलंगावरूनच घरातली सुट्टी चालवायची. कागदाचे मुकुट कापायला शिकवायची, रोज संध्याकाळी प्रार्थनेत कुणी कुठली ओळ म्हणायची ते ठरवायची, आणि बाबांनी केलेला केक मधोमध खचला की त्याला डोळे-नाक काढायला सांगायची. आता पलंग रिकामा होता आणि केक करायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

भेटायच्या वेळेत मुंगीनं मला आईच्या उशीखाली सरकवलं. आई डोळे मिटून पडली होती, बाबा खिडकीशी पाठमोरे. मुंगीनं माझ्या वाकड्या तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "कोणाला सांगायचं नाही. तू हरवली आहेस. तो तुला शोधत इथे येईल."

तिचा हिशोब असा सरळ होता. मेंढपाळ मला शोधायला येणार, आणि एकदा आलाच तर आईला बरं करूनच जाणार.

तिकडे चर्चमागे माझी शोधाशोध झाली, ते मुंगीची थोरली बहीण, ताई, आईला सांगताना मी उशीखालून ऐकलं. सिस्टर बाकांखाली वाकल्या, फादरांनी वेदीमागे पाहिलं. एक मुलगा म्हणाला की मुंगीच्या मेंढीला डोंगरावर चक्कर आली असेल. सगळे हसले. मुंगी हूं की चूं करत नव्हती.

मी आईला सापडले ते दुसऱ्या दिवशी. चादर बदलताना नर्सबाईंच्या हाताला लागले आणि त्या मला कचऱ्याच्या डब्यात टाकणार होत्या. आई म्हणाली, "राहू द्या. आमच्या घरची आहे ती." तिनं मला उलटं करून पोटावरचं नाव वाचलं. बराच वेळ त्या वेड्यावाकड्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग माझे चिमट्याचे पाय उघडून मला आपल्या बाहीला अडकवलं आणि म्हणाली, "आलीस का? बरं झालं बाई. दुपारी इथे बोलायला चिटपाखरू नसतं."

दुपारी बाबा छापखान्यात असत आणि ताई घरी मुंगीला सांभाळत असे. त्या दुपारी आई माझ्याशी बोलायची. भिंतीच्या रंगावर टीका करायची, शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या घोरण्याची नक्कल करायची. दुखायला लागलं की मला मुठीत धरायची, म्हणून माझी डावी बाजू अशी चेपलेली आहे. मुलींची चाहूल लागली की मला पुन्हा उशीखाली ठेवायची. मुंगीनं मला हौसेनं लपवलंय, तिचा विरस नको, असं तिला वाटायचं.

एका सकाळी तिची मूठ सैल पडली. नर्सबाईंनी मला तिच्या चपला, कंगवा आणि जपमाळेबरोबर कापडी पिशवीत घातलं. पिशवी घरी आली आणि कपाटावर गेली. ती उघडायची कुणाची छाती झाली नाही.

पिशवीतून दिसत नसलं तरी ऐकू सगळं येतं. त्या आठवड्यात घर माणसांनी भरलं होतं. फादर प्रार्थनेला आले. फार मायेनं बोलले ते. म्हणाले, मेंढपाळ स्वतः आला आणि आपल्या लाडक्या मेंढीला खांद्यावर घेऊन गेला. मोठी माणसं हुंदके देत "आमेन" म्हणाली. त्यांना त्यानं खरंच धीर आला असेल. पण मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग धावणारी पावलं, मग न्हाणीघराची कडी. मुंगी आत जाऊन बसली होती.

मी ओळखलं. तिला वाटलं, त्याला आपणच बोलावलं.

त्यानंतर संध्याकाळच्या प्रार्थनेत तिचा आवाज कधी आला नाही. ताई म्हणे, "मुंगे, नुसते ओठ हलवू नकोस, म्हण की." फादर घरी आले की मुंगीचं पोट दुखे. पुन्हा उन्हाळा आला, बायबल शाळेची घंटा वाजली, तर ती पलंगाखाली जाऊन बसली. बाबांनी चुचकारलं, रागावले, पुन्हा चुचकारलं. लोक म्हणायचे, पोर हट्टी झाली आईवाचून.

आज बाबांनी पिशवी खाली काढली. मुंगीनं चर्चमध्ये पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा दिवस जवळ आलाय आणि तिच्या हातात आईची जपमाळ असावी असं त्यांच्या मनात होतं. माळेबरोबर मी निघाले. शाईनं काळ्या पडलेल्या त्यांच्या नखांमध्ये माझा कापूस अडकला.

"ही तर हरवली होती ना?" ते स्वतःशीच म्हणाले.

मुंगी दारात उभी होती. केवढी उंच झाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकली.

"मी लपवली होती. तो तिथे यावा म्हणून. तो आला, आणि आईलाच घेऊन गेला."

बाबा खाली बसले, फरशीवरच.

"मुंगे, आई जाणार हे मला आधीच माहीत होतं. तू ही मेंढी केलीस त्याच्याही आधी. डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

"आईला माहीत होतं?"

"हो."

"ताईला?"

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे मलाच नाही," मुंगी म्हणाली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं आणि त्याच जागी दुसरं काहीतरी चढलं, ते मी समोरून पाहिलं. बाबा तिला जवळ घ्यायला गेले. ती गेली नाही. तिनं विचारलं, "मग ही तिथे आईजवळ इतके दिवस काय करत होती?"

बाबांना माहीत नाही. ते दुपारी कामावर होते. ताईला माहीत नाही. नर्सबाई कुठल्या कुठे असतील. ते फक्त मला माहीत आहे, आणि ही घसरलेली रेघ तिच्यासमोर उघडत नाही.

तुम्हाला तरी माझं ऐकू येतंय. कुठे भेटली ती, तर माझ्या वतीनं तिला सांगा. बाहेरून ताई हाक मारतेय, "मुंगे, ये ना गं, आणि ती मेंढीसुद्धा घेऊन ये." मुंगीनं मला फरशीवरून उचललंय, आता खिशात कोंबेल. घाईत एवढंच सांगते, तिला सांगा, की त्या सगळ्या दुपारी तुझी आई एकटी नव्ह—