पुढची पात

कांताबाईला सून नावडती होती असं नाही, सुनेचे हात नावडते होते. दीपमाला कापूस वेचायला लागली की बघता बघता कमरेला बांधलेली ओटी भरायची. खेमसिंगच्या शेतात पुढची पात, म्हणजे सगळ्या बायांच्या पुढची ओळ, वर्षानुवर्षं कांताबाईची. पावसाळ्यात ती घसरली, उजवा हात मोडला आणि त्या पातीला सून लागली. तेव्हापासून कांताबाईच्या पोटात दुखत होतं.

प्लास्टर निघालं. दारव्ह्याचा डॉक्टर म्हणाला, हाड जुळलं, आता हातावर भरवसा ठेवा. कसला भरवसा! प्रत्येक बोंडाला ती आधी आपल्या बोटांकडे बघायची, मग सुनेच्या ओटीकडे. एका घरच्या बायांचा कापूस एकत्रच मोजत, पण हिनं हट्टानं गाठोडी वेगळी करायला लावली. तिचं माप रोज थोडं वाढायचं, तरी सुनेहून कमीच.

त्या साली कापसाचे भाव पार कोसळले होते. खेमसिंगनं सकाळीच सांगून टाकलं, "पुढच्या वेचणीले निम्म्याच बाया. आज जिचा कापूस जास्त भरन, थेच पुढं लागन आन बाकीच्या थेच निवडन."

झालं! कांताबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "माही पात घेतली, माहा पोरगा घेतला, आता काय चूल घेतं?" सुनेचं माहेर, सुनेच्या भाकरी, सुनेची झोप, काही सोडलं नाही. हाताकडे बघायला सवड कोणाला होती? धुऱ्याशी, शेताच्या बांधाशी, पोचल्यावर तिनं खाली पाहिलं, तर ओटी गच्च, आणि सून पार मागं. बोटांनी आपलं काम आपणच केलं होतं. तिला हसू आवरेना. दिवसभर तिनं तोंडही थांबवलं नाही आणि हातही.

संध्याकाळी ती पाणी पिऊन आली, तर दीपमाला आपल्या गाठोड्यातला कापूस सासूच्या गाठोड्यात कोंबत होती.

"काय करून राह्यली वं?"

"थोडासाच टाकला, आत्याबाई. रोजच टाकून राह्यली. तुमाले धीर यावा म्हून."

म्हणजे रोज वाढणारं ते माप सुनेचं होतं! कांताबाईच्या अंगाची लाही झाली. "आज कायले टाकला? आज तं मी तुह्या पुढं होती!"

"मले दिसलंच नाही," दीपमाला मान खाली घालून म्हणाली. "तुमी बोलून राह्यल्या होत्या. डोयात पाणी होतं, बोंडं दिसत नोती."

कांताबाईनं पंजा मिटला, उघडला. हात बरा झाला होता, त्यात खोट नव्हती. पण एवढं ऐकून घेऊनही या पोरीनं कापूस टाकला! आपल्याच्यानं हे झालं नसतं, हे तिला कळलं, आणि त्याचाही हेवा वाटला.

"कांताबाई, आना गाठोडं," खेमसिंगनं काट्याजवळून हाक मारली.

"आजचं माप धरू नको, खेमसिंगभाऊ. माह्या गाठोड्यात हिचा कापूस हाय. उद्या ठरव."

खेमसिंग कुरकुरला. कांताबाईनं तिकडे लक्षच दिलं नाही. ती सुनेकडे वळली.

"उद्या मी तोंड उघडत नाही, तू रडू नको. मंग पाहू."