शिष्टरबाई पळून राहिल्या

सुईला घाबरण्यासारखं काही नसतं, हे बायकांना पटवून देण्यासाठी संध्या पाईकराव सिस्टरांनी स्वतःचं बोट पुढे केलं, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

जवळा बाजारला बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात शुगरची तपासणी असायची. बाजाराला आलेल्या बाया पिशव्या घेऊन सावलीला टेकायच्या, संध्याचं भाषण ऐकायच्या आणि बोट टोचायची वेळ आली की एकेकीला अचानक मिरच्या घ्यायच्या राहिल्याचं आठवायचं. एकोणीस वर्षं संध्या तेच सांगत आली होती. साखर कमी करा, पालेभाजी वाढवा, रोज चाला. त्या दिवशी पारुबाई नावाची एक म्हातारी मूठ घट्ट आवळून बसली, काही केल्या बोट सोडेना. मग संध्यानं सगळ्यांच्या देखत आपल्या बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला आणि हसत हसत यंत्र हातात धरलं. यंत्रानं पाच सेकंद विचार केला आणि आकडा दाखवला : दोनशे बासष्ट.

"किती आली, बाई?" पारुबाईनं विचारलं.

"एकशे दहा," संध्या म्हणाली आणि आकड्यावर अंगठा ठेवला.

पारुबाईनं मान डोलावली. शिष्टरबाईंची बराबरच येणार, त्या सांगतात तसं वागत असतील, असं ती शेजारणीला म्हणाली आणि भरवशानं बोट पुढे केलं. तिची निघाली अठ्ठ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून संध्या हिंगोलीला गेली. तिथल्या लॅबमध्ये तिला कुणी ओळखत नव्हतं. रिपोर्ट यंत्राच्याच बाजूनं आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या तिनं कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. आश्चर्य वाटण्यासारखं खरं तर काही नव्हतं. घरभेटीला गेलं की प्रत्येक घरात चहा, आणि नाही म्हटलं की माणसं दुखावतात म्हणून दिवसाला सात कप, प्रत्येकात दोन-दोन चमचे साखर. वर घरी प्रमोदच्या हातचं रविवारचं मटण, जे सोमवारीही पुरायचं.

प्रमोद तिचा नवरा. एसटीच्या हिंगोली आगारात मेकॅनिक होता, रोज बसनं जाऊन-येऊन करायचा. सगळ्या जगात ही गोष्ट फक्त त्याला सांगितली गेली. त्यानं रिपोर्ट दोनदा वाचला आणि इंजिन चांगलं आहे, फक्त डिझेल चुकीचं पडून राहिलं, असा निकाल दिला. लोकांना सांगून टाक, म्हणजे चहा आपोआप बंद होईल, असंही तो म्हणाला. संध्याला ते शक्य वाटलं नाही. लोकांना शुगरवर भाषण देणाऱ्या बाईलाच शुगर, हे म्हणजे अग्निशामक दलाच्या गाडीनंच पेट घेण्यासारखं झालं. कुणाला कळायच्या आत ती सुधारणार होती, आणि तेही पूर्ण.

संध्याला अर्धवट काही जमायचं नाही. लसीकरणाच्या रजिस्टरात एक आकडा चुकला तर ती खोडायची नाही, अख्खं पान नव्यानं लिहायची. तिनं तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. पहाटे साडेपाचला पाच किलोमीटर पळणं. दूध, तूप, अंडी, मटण बंद. साखर बंद. नांदेडला शिकणारी लेक आकांक्षा फोनवर म्हणाली की आई, याला प्लांट-बेस्ड म्हणतात, आणि तिनं सतरा व्हिडिओ पाठवले. चालण्याऐवजी पळणं का, तर नुसतं चालून सुधारायला वेळ लागला असता आणि तेवढा वेळ गुपित टिकलं नसतं.

पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेसवर नवे बूट चढवून, कानात गाणी लावून ती निघाली. आता जवळ्यात लोकांचं गणित पक्कं होतं : सिस्टर चालत असतील तर लसीकरण, गाडीवर असतील तर मीटिंग, आणि पळत असतील तर बाळंतपण. कोंडीबा दारात बसून दात घासत होता. त्याची सून दिपा आठव्या महिन्यात होती. सिस्टर आपल्या दिशेनं पळत येताना पाहून त्यानं तांब्या तिथंच सोडला आणि घरात जाऊन दिपाला उठवलं. शेजारच्या सोजराबाईनं चुलीवर पाणी ठेवलं. कुणी जीपवाल्याला फोन लावला. तेवढ्यात सिस्टर घरावरून सरळ पुढे पळत गेल्या. त्या घर चुकल्या असं समजून दोघांनी मोटरसायकल काढली, तिला देवळापाशी गाठली आणि काही बोलू न देता मागं बसवून परत आणली.

अंगणात चाळीसेक माणसं जमली होती. मधोमध बाजेवर दिपा बसली होती, चहात बिस्किट बुडवत.

"बाई, मला तर काईच होऊन न्हाई राहिलं," ती अपराध्यासारखी म्हणाली.

संध्यानं लाजेकाजेस्तव तिचं पोट तपासलं, नाडी पाहिली, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मग ती व्यायामाला पळत होती हे समजावण्यात पंधरा मिनिटं गेली. मागं कुणी लागलं नसताना माणूस काहून पळंल, हा कोंडीबाचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. एवढ्या धावपळीनं थकल्या असतील म्हणून सोजराबाईनं तिच्या हातात चहाची कपबशी दिली. दुधाचा, चार चमचे साखरेचा. चाळीस माणसं बघत होती. संध्यानं तो प्यायला. घरी येऊन तक्त्यावर पहिल्याच दिवशी दोन लाल फुल्या मारल्या आणि मग तक्ताच फाडून नवा लिहिला.

पळणं तरी बाहेरच्या बाहेर होतं, स्वयंपाकाची अडचण घरातली होती. संध्याला स्वयंपाक यायचा नाही. लग्नानंतर सासू करायची, सासूनंतर प्रमोद. संध्याची भाकरी तव्यावर पडताना हिंगोली जिल्ह्याच्या नकाशासारखी असायची आणि उलटताना त्यातले दोन तालुके वेगळे व्हायचे. तरी तिनं व्हिडिओ पाहून सोयाबीनचं दूध काढायला घेतलं. दोन दिवस घराला पेंडीच्या गोदामाचा वास येत होता. त्या दुधाचा चहा केला तर तो फाटला, दही लावलं तर लागलं नाही, आणि प्रमोदनं एक घोट घेऊन विचारलं की हे प्यायचं आहे की बसच्या चाकाला लावायचं आहे.

वास कशाचा म्हणून बघायला सोजराबाई आली. ती गावातल्या बचत गटाची अध्यक्ष होती, आणि कुणाच्या घरात काय शिजतं हे माहीत असणं तिला पदाचंच काम वाटायचं. संध्यानं तिला सगळं नीट समजावून सांगितलं. दूध नाही, तूप नाही, मांस नाही, फक्त जमिनीतून उगवलेलं, आणि तेही कमी तेलात.

सोजराबाई विचारात पडली. "म्हंजी आमी सुगीच्या आदी खातो ते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती अंबाडीची जुडी घेऊन आली. ज्वारीच्या कण्या घालून भाजी कशी शिजवायची, तिचा आंबटपणा कितपत ठेवायचा, लसणाची फोडणी वरून कशी ओतायची, जवस किती भाजायचे, सगळं तिनं दाखवलं. भाजी इतकी जमली की प्रमोदनं रविवारी मटणाचं नाव काढलं नाही. पुढच्या रविवारी काढलं, आणि संध्यानंही दोन फोडी खाल्ल्या. मग नवा तक्ता. दिवाळीपर्यंत असे चार तक्ते झाले. कागदावर बघावं तर तिच्या हातून एकही चूक झालेली नव्हती.

पळण्याची तेवढी गावाला सवय झाली. तीन किलोमीटर ती न थांबता जाऊ लागली, फक्त वेग असा की सोबत चालणारा माणूस गप्पा मारू शकेल. आणि मग डिसेंबरात हिंगोलीला आरोग्य दौड आणि पौष्टिक पाककृती स्पर्धा एकाच दिवशी निघाली. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी दौडीत संध्याचं नाव परस्पर देऊन टाकलं, तालुक्यात स्वतःहून पळणारी दुसरी सिस्टर त्यांच्या माहितीत नव्हती. पाककृतीत बचत गटाचं नाव गेलं.

भल्या सकाळी जीप निघाली. सात बाया, दोन पातेली अंबाडी, टोपलंभर तिळाच्या भाकरी आणि डबाभर चटणी. संध्यानं आदल्या संध्याकाळी स्वतः एक भाकरी थापली होती, मार्गदर्शक म्हणून आपलंही काही ताटात असावं या हट्टानं. ती मधोमध चिरली होती. सोजराबाईनं ती टोपल्याच्या तळाशी घातली.

दौड पाच किलोमीटरची होती. तीनेकशे माणसं निघाली आणि पहिल्याच वळणावर दोनशे नव्व्याण्णव दिसेनाशी झाली. संध्याच्या मागं उरली फक्त ॲम्ब्युलन्स. चालक नेमसिंग तिच्या ओळखीचा. त्यानं काच खाली केली आणि बसता का, पुढच्या चौकात सोडतो, कुणाला कळणार नाही, असं आपुलकीनं विचारलं. ती नाही म्हणाली. दुसऱ्या किलोमीटरला त्यानं पुन्हा विचारलं, तिसऱ्यालाही. चौथ्याला त्यानं विचारणं सोडलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून शेंगा खात राहिला. रस्त्याकडेचे लोक आधी संध्याकडे, मग ॲम्ब्युलन्सकडे बघायचे आणि हळहळायचे. एका पानवाल्यानं तर टोपी काढली.

ती मैदानात शिरली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि शेवटच्या रेषेवरची कमान दोन माणसं गुंडाळत होती. तिला पाहून त्यांनी ती पुन्हा अर्धी उघडून धरली. निवेदकाला बोलायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्याला तिचा फार आनंद झाला. आरोग्य सेवेतल्या भगिनी, टाळ्या होऊ द्या, असं म्हणत त्यानं तिला ओढतच मंचावर नेलं आणि तुम्हाला पळण्याची प्रेरणा कशी मिळाली ते सांगा म्हणून माईक तोंडापुढे धरला.

काय बोलायचं ते तिला माहीत होतं. आरोग्य हीच संपत्ती, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. पण खोटं असो की भाषण, दोन्हीला दम लागतो, आणि दम तिच्यापाशी उरला नव्हता.

"मला शुगर आहे," ती म्हणाली. "दोनशे बासष्ट होती. बायांना एकशे दहा सांगितली. म्हणून पळते."

कर्ण्यातून ते मैदानभर गेलं. फारच प्रेरणादायी, असं म्हणून निवेदकानं माईक काढून घेतला आणि एका मोटरसायकलचा नंबर वाचून दाखवून ती रस्त्यातून हलवायला सांगितली.

संध्या पाककृतीच्या मांडवाकडे निघाली. तेवढं अंतर तिला पाच किलोमीटरपेक्षा जड गेलं. मांडवात सातही बाया रांगेनं उभ्या होत्या आणि पुढ्यात दोन रिकामी पातेली. झालं असं होतं की पळून आलेल्या माणसांना कडकडून भूक लागली होती, अंबाडीला लसणाची फोडणी पडल्याचा वास सुटला होता, आणि सोजराबाईला भुकेल्या माणसाला परीक्षक येईस्तोवर थांब म्हणणं जमलं नव्हतं. परीक्षक आले तेव्हा पातेली पुसून झाली होती. त्यांनी नियमाप्रमाणे कागदावर लिहिलं, 'चव : पदार्थ उपलब्ध नाही', आणि शेजारच्या नाचणीच्या केकला पहिलं बक्षीस देऊन टाकलं.

टोपल्यात एकच गोष्ट शिल्लक होती. तीनशे भुकेल्या माणसांनीही संध्याच्या भाकरीला हात लावला नव्हता. सोजराबाईनं तिचे दोन तुकडे उचलले, डबा खरवडून त्यावर चटणी घातली आणि तिच्या हातात दिले. संध्या खाली बसली आणि तिनं ती सगळी खाल्ली. भाकरी जाडजूड होती, एका कडेला कच्ची होती, आणि भुकेपुढं फार चांगली लागत होती.

 परतताना औंढा येईपर्यंत जीपच्या ड्रायव्हरनंसुद्धा गाणी लावली नाहीत. आता यापुढं आपलं भाषण कोण ऐकणार, हा विचार संध्याच्या डोक्यात घोळत होता. शेवटी सोजराबाईनंच तोंड उघडलं.

"बाई, तुमाला कायबी होत न्हाई असं वाटायचं आमाला," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "म्हनून तुमाला सांगायची लाज वाटायची. माजी बीपीची गोळी दोन महिन्यांपासून बंद हाय."

मग मागच्या सीटवरची एक म्हणाली की तिला रात्रीतून सहा वेळा उठावं लागतं. दुसरीच्या पायाची जखम पोळ्यापासून भरत नव्हती आणि ती हळद लावून गप्प बसली होती. तिसरीला काही झालं नव्हतं, पण आपल्याला वगळल्यासारखं वाटून तिनं गुडघा सांगितला. संध्यानं पर्समधून डायरी काढली आणि हलत्या जीपमध्ये नावं लिहायला घेतली. अक्षर वाकडंतिकडं आलं, दोन ठिकाणी खाडाखोड झाली. तिनं पान फाडलं नाही. गाव आलं तेव्हा तिनं पायाच्या जखमेवालीला घरी जाऊच दिलं नाही, तशीच दवाखान्यात नेली.

प्रमोदला हे सगळं जीप पोचायच्या आधीच फोनवरून कळलं होतं. तो फक्त एवढंच म्हणाला की गावात आता तुला बिनसाखरेचा चहा मिळेल. मिळू लागलाही. तो इतका वाईट लागायचा की सातातले चार कप आपोआप बंद झाले. राहिलेल्या तीन कपांत एखादी विसराळू बाई सवयीनं साखर टाकायची. संध्या तो अर्धा प्यायची आणि अर्धा ठेवायची.

पळणं चालूच आहे. मागच्या आठवड्यात औंढ्याच्या रस्त्यावर सोजराबाई आणि आणखी दोघी कापूस वेचायला निघाल्या होत्या. कमरेला कापूस भरायच्या ओट्या, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. मागून आल्या, चालत चालत संध्याच्या बरोबरीला पोचल्या आणि पुढे निघून गेल्या. पन्नास पावलांवर त्यांच्या लक्षात आलं की आपण पळणाऱ्या बाईला चालून मागं टाकलं. तिघी ओशाळून थांबल्या.

"थांबू नका," संध्या म्हणाली. "व्हा पुढं. तुमची वेचणी खोळंबंल."

त्या गेल्या. संध्या आपल्या चालीनं त्यांच्या मागून पळत राहिली.