मार्चच्या रकान्यातले अकरा

शंख तळहातावर घेतला तेव्हा इतका हलका लागला, की बळवंताने तो उगाच दोनदा हलवून पाहिला. आत कोणी नव्हते. जाळी चौथ्यांदा गाळात फिरवली… कुजकी पाने, चिखल, आणि असेच पोकळ शंख. वहीत त्याने लिहिले : मे १९८७, सजीवांचे प्रकार – दोन. शेजारच्या रकान्यात त्याच्याच वळणदार अक्षरात होते : मार्च – अकरा.

पालघरच्या कॉलेजात तो प्रयोगशाळा साहाय्यक. उन्हाळ्यात आटत जाणाऱ्या तळ्यांची तब्येत दर दोन महिन्यांनी तपासायची, हे काम विभागातल्या सरांनी त्याच्यावर सोपवलेले. या तळ्याला बोईसरहून तासभर चालत यावे लागे. मार्चअखेरीस तो बोईसरच्या स्टँडवरूनच परतला होता—आजारी नव्हता, कुणी अडवले नव्हते. चालायचा कंटाळा आला, एवढेच. टपरीवर चहा पिता पिता जानेवारीचे तेरा पाहिले, पाणी आटते म्हणून दोन वजा केले… किती समजूतदारपणे मी ते दोन वजा केले! आणि सर म्हणाले होते, "बळवंत, तुझी नोंद म्हणजे तपासायलाच नको."

आता सर वाचतील : मार्चपर्यंत तळे धडधाकट, जे काही बिघडले ते एप्रिलात. आणि एप्रिलातले तर समोरच दिसत होते—काठ फोडून नेलेला हातभर रुंदीचा पाट, पलीकडे मिरचीचे चार वाफे. पाट बुजवा, असा शेरा सर एका ओळीत लिहितील.

वाफ्यात तानी खुरपत होती. तिचाच पाट.

"तानीबाय, पाट कधी काढला?"

"पाडवा झाल्यावर."

"आणि हे शंख?"

"ते शिमग्याच्या आदीच मेले, मास्तर. पान्याला वास येत होता, ढोरं तोंड लावत नव्हती." ती थांबली. "तुमाला दाखवायला पानात बांधून ठेवले होते. तुमी येनार म्हनून. आठ दिस ठेवले, मग टाकले."

त्याने वही पुन्हा उघडली. शेऱ्यात तिचे म्हणणे लिहिता येईल… 'स्थानिक बाई सांगते की'… पण बाई सांगते एक आणि नोंद सांगते दुसरे, मग सर कोणाचे खरे धरतील, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी त्याने लिहिले.

"काय लिवलं?" तानीने विचारले.

"तुम्ही सांगितलं ते."

"माजं कशाला? तुमी पायलं ते लिवा."

ती पुन्हा खुरपायला वाकली. तिला टोचून बोलायचे नव्हते. तिच्या लेखी तो येऊन पाहणारा माणूस होता.

चारची एसटी गाठायची तर निघायला हवे होते. तो काठावर बसून राहिला. सरांपुढे उभे राहून काय म्हणायचे ते मनात जुळवू लागला—तळ्याची परिस्थिती अशी, की… नाही. तळ्याबाबत एक शंका… नाही. सर, मार्चमध्ये मी… पुढचे क्रियापद अजून येत नव्हते. पण वाक्य आता 'मी'पाशी येऊन थांबले होते, आणि कितीही ढकलले तरी मागे सरत नव्हते.