ठसा उचलतानाचा चट्

मी एक जुनी वेव्ह फाईल आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी लहान होणार नाही.

मित्रांनो, बारा वर्षांपूर्वी म्हैसूरच्या अग्रहारात माझा जन्म झाला. अंबुबाई तिथे लाकडी ठशांनी कापड छापत. त्यांचा भाचा किरणकुमार याने मेजावर मायक्रोफोन ठेवला आणि दर सेकंदाला आवाजाची अठ्ठेचाळीस हजार मोजमापं घेऊन मला घडवलं. एकही गाळलं नाही. म्हणून माझ्यात ठसा दाबल्याचा धप् आहे, आणि लगेच तो कापडावरून सुटतानाचा बारीक चट्सुद्धा आहे. रंग फार पातळ असला तर चट् होत नाही. अंबुबाईंचे हात आता थरथरतात. छपाई शिकणाऱ्या बन्नूर गावच्या मुली रंगाची पारख माझ्याकडूनच शिकतात.

आधी माझं कौतुक झालं, मग कुरकुर सुरू झाली. "केवढी जागा खाते!" किरणकुमारने फोनवर पाठवायला माझी चिमुकली प्रत काढली. अशा आवळलेल्या प्रती मोठ्या आवाजाआडचे बारीक आवाज टाकून देतात. कुणाला कळणार, असं त्यांना वाटतं.

पुढे एका संग्रहालयाने न आवळलेली फाईल मागितली. किरणकुमारने एआयएफएफ फाईल तयार केली; तो माझ्यासारखाच न आवळलेला, पण दुसरा प्रकार. ती माझ्याएवढीच भरली.

"हिच्यात नाव, साल सगळं नीट लिहिता येतं," तो म्हणाला. "वेव्ह पुसतो आता."

"अप्पा, थांबा," त्याची मुलगी सुप्रीता म्हणाली. ती ध्वनिशास्त्र शिकलेली. "आधी अज्जीला ऐकवा."

नवी फाईल ऐकताच अंबुबाई उखडल्या. "अय्यो किरणा! मी पाण्यानं छापते काय रे?"

"अत्ते, तेच आहे हो तुमचं."

"तेच? धप् आहे, चट् इल्ला! रंग कुठं गेला?"

मग मला लावलं. त्या मान डोलवत राहिल्या. "हां. हा माझा हात."

"अप्पा, ती फाईल कशावरून केलीत?"

"फोनवरच्या छोटीवरून. परत मोठी झाली ना, अल्वा?"

"नुसती फुगली. टाकलेलं परत येत नाही."

किरणकुमार ओशाळला. सुप्रीताने माझ्यावरून नवी एआयएफएफ केली. तिच्याशी माझं भांडण नाही. आकडे माझेच, फक्त प्रत्येक आकड्याचे तुकडे ती उलट्या क्रमाने लिहिते.

"पण दोन्ही ठेवायला जागा?" किरणकुमार पुटपुटला.

"तुझे ते गुड मॉर्निंगचे हजार फोटो पूस की!" अंबुबाई म्हणाल्या.

फोटो गेले. मी आहे.

मित्रांनो, वेव्ह ठेवा नाहीतर एआयएफएफ, पण ती मुळावरून केलेली आहे ना, हे विचारा. फाईलचा आकार पाहून भुलू नका. जागा मी खाते, यापुढेही खाईन. बन्नूरच्या मुलींना तो चट् ऐकायचा आहे, आणि तो जपणं हे माझं काम आहे. मला पुसायचंच असेल, तर आधी अंबुबाईंसमोर बसून माझ्यातलं काय नको आहे ते सांगा.