सुदृढ मुलांची तपासणी

"टोक सोडू नकोस हां, आई," असं रंजनाने पुन्हा एकदा बजावलं, तेव्हा काशीताईंनी मोजपट्टीचं टोक सरळ चपलेखाली दाबलं आणि मोकळ्या झालेल्या हातांनी पिशवीतला डबा उघडला.

रंजना तोवर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. तिने तीस मीटरवर शाळेची बादली उलटी ठेवली. खरं तर तिथे नारिंगी शंकू ठेवायचा होता. पण जव्हारहून आणलेल्या दोन शंकूंपैकी एक जीपच्या टपावरच राहिला होता आणि मोखाड्याला या दोघींना उतरवून जीप पुढे खोडाळ्याला निघून गेली होती.

तपासणी साधी होती. मुलाने शंकूपासून बादलीपर्यंत आणि बादलीपासून शंकूपर्यंत, सहा मिनिटं, जमेल तितकं भरभर चालायचं. धावायचं नाही. आधी आणि नंतर नाडी मोजायची, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघायचा. वजन जास्त असलेल्या मुलांचा दम किती, हे त्यावरून कळतं. जव्हारच्या दवाखान्यात फिजिओथेरपी करणाऱ्या रंजनाने हे शिबिर मागून घेतलं, तेव्हा तिचे वरिष्ठ हसले होते. "मोखाड्यात जाडी मुलं? सापडली तर मलाही दाखवा."

सापडली होती. तहसीलच्या कारकुनांची, शिक्षकांची, बाजारातल्या दुकानदारांची. घोटाळा झाला तो फळ्यावर. मुख्याध्यापक रोहिदास सर भिडस्त माणूस. 'जाड' हा शब्द फळ्यावर लिहिला तर पालक अंगावर येतील, म्हणून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सुदृढ मुलांची तपासणी'. त्यामुळे आज सकाळपासून लोक इस्त्रीचे कपडे घालून आले होते. मुलांना पावडर फासलेली होती. दोघांच्या गालावर तीटसुद्धा होती.

"मॅडम," तहसील कचेरीतले हरेशभाऊ पुढे येऊन हळूच म्हणाले, "बक्षीस कुणाच्या हस्ते आहे? म्हणजे फोटोचं सांगून ठेवतो."

"बक्षीस नाहीये. ही स्पर्धा नाही."

"असं कसं? सुदृढ लिहिलंय."

रांगेत पाड्यावरची किडकिडीत पोरंही होती. रंजनाने त्यांना बाजूला काढायचा प्रयत्न केला, तशी एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"का? आमचा सुदृढ नाय? बारीक हाय, पर दिवसभर झाडावर असतो."

रंजनाने त्या पोरांना रांगेतच राहू दिलं. तिने त्यांचीही वजनं केली.

हरेशभाऊंची सोनी आठवीत होती. अंगाने भरलेली, नवे बूट घातलेली, आणि इथे आलेल्या सगळ्या मुलांत एकटीच अशी, की जिला या तपासणीतून काहीतरी हवं होतं. तिला कबड्डीच्या संघात जायचं होतं. वजनाच्या मर्यादेत ती कशीबशी बसत होती. अडलं होतं ते दमावर.

"शिरपामाळच्या टेकडीवर सहल नेली तेव्हा ही सगळ्यांच्या मागे," रोहिदास सर रंजनाला म्हणाले. "मैदानात पडली तर जबाबदार कोण? तुम्हीच एकदा सांगून टाका, झेपायचं नाही म्हणून. माझं ती ऐकत नाही."

"मागे होते, पण वर पोचले ना?" सोनी म्हणाली. "आणि मला चढाईला नका पाठवू, सर. पकडीला ठेवा. माझ्या हातातून कोण सुटत नाय."

"चालून दाखव, मग बघू," रंजना म्हणाली.

सोनी निघाली. चालणाऱ्याशी काय बोलायचं, हेही या तपासणीत ठरलेलं असतं. मिनिटामिनिटाला 'छान चाललंय, इतकी मिनिटं राहिली' एवढंच, तेही एकाच सुरात. रंजना ते इमानाने म्हणत होती. पण "हाण सोने!" म्हणून अख्खं मैदान ओरडत होतं आणि हरेशभाऊ पाण्याची बाटली घेऊन मुलीच्या बरोबरीने चालत होते. तिसऱ्या मिनिटाला त्यांना धाप लागली आणि ते बादलीवर बसले. रंजनाने त्यांना उठवून बादली पुन्हा जागेवर ठेवली, तोवर सोनीही कुशीत हात दाबून मध्येच थांबली होती.

"काय होतंय?"

"कळ येतेय."

"येताना काय खाल्लंस?"

"येताना नाय. इथं. लाडू."

"किती?"

सोनीने काशीताईंकडे पाहिलं. काशीताई झाडावरचा कावळा बघत होत्या.

"मोजून कुणी देतं का?" त्या म्हणाल्या.

रोहिदास सरांनी मान हलवली. "बघा. मी म्हणालोच होतो."

"सर, हे लाडवांमुळे झालंय," रंजना म्हणाली. "तपासणी पुन्हा घ्यावी लागेल. पोटभर खाऊन येऊ नका, एवढं सगळ्यांना कळवा."

परतीच्या जीपमध्ये काशीताई बाजारातली भाजी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मोखाडा मागे पडल्यावर रंजनाने विचारलं.

"आई, का खायला घातलंस त्यांना?"

"तू वजनं केलीस ना."

"मग?"

"मग काय? वजन केलं की पोराच्या हातावर काहीतरी ठेवायचं. नाहीतर पुढच्या महिन्यात ते काट्याला हात लावू देत नाही." मोखाड्याच्या पाड्यांवर काशीताईंनी निवृत्तीपर्यंत अंगणवाडी चालवली होती. पाळण्यासारख्या लोंबत्या काट्यात त्यांनी निम्मा तालुका तोलला होता. "आणि त्या सोनीचं वजन बघितलंस? माझ्या अख्ख्या नोकरीत असं पोर काट्यावर चढलं नाही. मला तर पेढे वाटावेसे वाटले."

"तिचं वजन कमी करायचंय, आई."

"कर बाई. वाढवताना आमचा जीव गेला, तू कमी कर. एकाच घरात दोन्ही कामं."

शेजारी बसलेली बाई तोंडाला पदर लावून हसली. रंजना खिडकीबाहेर बघत राहिली, कारण तिलाही हसू येत होतं आणि ते आईला दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीताई उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले.

मग घरात माणसं येत राहिली, आणि माणसांबरोबर डबे. भात, पिठलं, नाचणीच्या भाकऱ्या. पाड्यांवरून आलेल्या बाया तर डबा उघडून समोर बसायच्या. रंजना म्हणायची, "आत्ताच जेवले." ज्यांनी ते ऐकलं त्यांना वाटायचं, आधीच्या डब्यातलं जेवली असेल. अन्न शेजारपाजारी वाटून डबे परत देताना तिने त्यांची इतकी अदलाबदल केली, की गल्लीत पुढे कितीतरी दिवस झाकणांवरून चौकशा चालू होत्या.

तेरावं झालं. पुढच्या आठवड्यात रोहिदास सरांचा फोन आला. आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "मॅडम, घाई नाही. पण संघाची नावं द्यायचीत. ती पोरगी रोज दारात उभी राहते."

या वेळी रंजना एकटी गेली. मोजपट्टीचं टोक तिने दगडाखाली ठेवलं. कुणी पावडर लावली नव्हती, फोटोचं विचारलं नाही. बाया येऊन तिच्या हाताला हात लावत आणि बाजूला होत. पोरं रांगेत इतकी चिडीचूप बसली होती, की रंजनाला आधी वाटलं, हा दुखवटा आहे.

पहिला मुलगा दोन फेऱ्यांत खाली बसला. दुसऱ्याला घेरी आली. सोनी उठून उभी राहिली तेव्हा तिने आपणहून भिंतीला हात टेकला.

"आज काय खाल्लंस?"

"काय नाय."

"काहीच नाही?"

"काल रात्री पण नाय."

हरेशभाऊ पुढे आले. शिस्त पाळल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर होता. "तुमचाच निरोप, मॅडम. खाऊन येऊ नका. सोनोग्राफीला असतं तसं. आम्ही पाणीसुद्धा दिलं नाही."

"सर?" रंजनाने मागे पाहिलं.

"मी 'पोटभर' म्हणालो होतो," रोहिदास सर म्हणाले. "ग्रुपवर टाकताना ते पोटभर कुठेतरी राहिलं."

रंजनाने रांगेवरून नजर फिरवली. पाड्यावरची किडकिडीत पोरं शेवटाला बसली होती.

"हीसुद्धा?"

"मंग?" ती मागच्या वेळची बाई म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं ना? पोराच्या संगती मी पण उपास धरला. आंघोळ करून आले."

रंजनाने हातातलं घड्याळ खिशात टाकलं आणि ती सरळ शाळेच्या स्वयंपाकघराकडे गेली. शाळेची खिचडी शिजवणारी पोशीमावशी तांदूळ निवडत होती.

"मावशी, चूल पेटव."

"अजून टाइम नाय झाला. तपासायला सायेब आला तर?"

"मी बोलते त्याच्याशी. पेटव तू."

खिचडी झाली. व्हरांड्यात पंगत बसली आणि वाढायला रंजना उभी राहिली. पहिल्या पोराच्या ताटात तिने बेताने थोडीशी घातली. पोशीमावशी मागूनच बघत होती.

"हे काय, औषध देते का बाय? काशीताईची ना तू? डाव भरून घाल."

रंजनाने डाव भरला. आयांनाही बसवलं. हरेशभाऊ नको-नको म्हणत बसले आणि दोनदा मागून घेतली. सोनीने मात्र ताटावर हात आडवा धरला.

"अर्धंच, मॅडम. मला चालायचंय."

जेवणं झाल्यावर रंजनाने सगळ्यांना दोन तास सावलीत बसवून ठेवलं. मग सोनी उठली. लोकांना अजूनही मोठ्याने बोलावं की नाही ते कळत नव्हतं, त्यामुळे मैदानात फक्त तिच्या बुटांचा आवाज आणि रंजनाचं एकसुरी 'छान चाललंय' एवढंच ऐकू येत होतं. चौथ्या मिनिटाला सोनीचा वेग उतरला. रोहिदास सर खुर्चीच्या कडेला आले. सोनी थांबली नाही. तोंड लाल करून, हात हलवत, ती बादलीला वळसा घालत राहिली आणि वेळ संपल्यावर जिथे होती तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

रंजनाने अंतर मोजलं, नाडी धरली, पुन्हा धरली.

"पास का?" रोहिदास सरांनी विचारलं.

"यात पास-नापास नसतं, सर."

"मॅडम, मला फळ्यावर काहीतरी लिहायचंय."

"अंतर थोडं कमी आहे, पण नाडी लगेच जागेवर येतेय. झेपेल तिला. रोज चालायला लावा, दम वाढेल. नाव घाला संघात."

सोनी पुढे झाली. तिने शेजारी उभ्या असलेल्या वडिलांचं मनगट धरलं.

"सोड गं," हरेशभाऊ म्हणाले. "सोने, सोड! घड्याळ हाय हातात!"

त्यांनी हिसडा दिला, मग सगळ्या अंगाचा जोर लावला, मग रोहिदास सरांकडे पाहिलं. मैदान त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसलं. सरांनी खडू घेतला.

उन्हं कलली तशी माणसं पांगली. रंजनाने मोजपट्टी गुंडाळली, बादली नळाशी नेऊन ठेवली. स्वयंपाकघरात पोशीमावशी टोपाच्या बुडाला लागलेली खरवड उलथण्याने सोडवत होती. त्या करपलेल्या खिचडीचा वास दारापर्यंत येत होता. रंजना दारात उभी राहिली.

"जीप गेली काय?" मावशीने मान न वळवता विचारलं.

"नाही. अजून आहे एक."

मग रंजना चप्पल काढून आत आली आणि भिंतीशी पाट ओढून बसली. पुढचं वाक्य अगदी साधं होतं, पण तिच्या तोंडात ते बसेना. उभ्या जन्मात तिच्यावर ते म्हणायची पाळीच कुणी येऊ दिली नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."